जुना संगणक आणि नवी प्रणाली

ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर १८८२ साली प्रसिद्ध झाले. त्यात पनवेलविषयी जी माहिती आहे तीत एक नोंद मोठी मजेची आहे. गाडीची चाके बनविणे हा या गावचा मोठा धंदा असून घाटावरून उतरलेली जवळजवळ प्रत्येक गाडी परतताना येथून चाकांची एक जोडी घेऊन जाते, अशा आशयाची ती नोंद. १८३० साली खंडाळ्याच्या घाटातून गाडीरस्ता झाला होता. मुंबईचा माणूस होडीने पनवेल बंदरात उतरे आणि पुढे त्या रस्त्याने पुण्यास जाई. १८६३ मध्ये आगगाडी कर्जतवरून बोरघाट चढू लागली आणि पनवेल त्या वाटेवरून बाजूला पडले. तरीही पुढे वीस वर्षे चाकांचा धंदा टिकून राहिला. गाडीचा साटा, जू, दांड्या ही वर्षानुवर्षे चालतात. झिजते ते चाक. चाक झिजले म्हणून कोणी शेतकरी अख्खी गाडी मोडीत काढीत नसे.

गाडीचे चाक झिजले की नाही हे गाडीवानाला डोळ्यांनी दिसे. संगणकाचे तसे नाही. धडधाकट चालणारे यंत्र अमुक एका तारखेला म्हातारे झाले, असे दूरदेशातून जाहीर होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ह्या कार्यप्रणालीचा सांभाळ थांबविला. २९ जुलै २०१५ रोजी निघालेली ही प्रणाली दहा वर्षे चालली होती. त्या दिवशीही आपल्या बाजारपेठेतील, वकिलांच्या आणि करसल्लागारांच्या कचेऱ्यांतील, सोसायट्यांच्या ऑफिसांतील यंत्रे नेहमीप्रमाणेच सुरू झाली. हिशेब झाले, पावत्या निघाल्या. फरक एवढाच की त्या प्रणालीत पुढे सापडणारी छिद्रे बुजविण्याचे नेहमीचे काम आता बंद झाले होते. ज्यांना हवी त्यांच्यासाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत ठेवली. पुढच्या प्रणालीकडे जावे तर तिच्या अटींत पुष्कळशी जुनी यंत्रे बसत नाहीत. ‘मग ह्या डेस्कटॉपचे करायचे काय?’ हा प्रश्न घरोघर आला. त्याचे तांत्रिक उत्तर दुरुस्तीवाला देईल. आम्ही त्याचा इतिहास सांगणार आहोत, कारण हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. आपल्या कचेऱ्यांत संगणक आला तोच मुळी पुष्कळ अंशी जुना होऊन आला.

आधी कार्यप्रणाली म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. यंत्र आणि आपले काम ह्यांच्यामध्ये बसलेला हा कारभारी. कळ दाबली तर कोणते अक्षर उमटवायचे, ते कोठे ठेवून द्यायचे, छपाईयंत्राला केव्हा हाक मारायची, हे सारे तो पाहतो. वाडा तोच, धनी तोच, पण कारभारी बदलला की घरची रीत बदलते. आरंभीच्या यंत्रांना हा कारभारी नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याच लोकांनी बांधलेले टिफ्रॅक हे यंत्र १९६० साली चालू झाले. त्याच्या स्मरणकोशात २०४८ शब्द मावत, आणि आपापली छिद्रे पाडलेली कागदी पट्टी घेऊन त्याच्यापुढे जावे लागे. अमेरिकेत मात्र १९५६ मध्येच जनरल मोटर्स आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन ह्या कंपन्यांनी आपल्या आय. बी. एम. ७०४ यंत्रासाठी एक व्यवस्था रचली होती. एक काम संपले की माणसाची वाट न पाहता दुसरे सुरू व्हावे, एवढाच तिचा हेतू. यंत्राचा तास फार महाग होता. कारभारी जन्मला तो यंत्राचा वेळ वाचविण्यासाठी. पुढे तोच यंत्राचे आयुष्य ठरवू लागेल हे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही नसावे.

टिफ्रॅक हा अपवाद होता. आपल्या कचेऱ्यांत प्रत्यक्ष रुळलेले यंत्र म्हणजे आय. बी. एम. १४०१. ते १९५९ साली अमेरिकेत जाहीर झाले. परदेशात वापरून झालेली ही यंत्रे कंपनी येथे आणी, त्यांची डागडुजी करी आणि भाड्याने देई. बाहेरचा टाकाऊ माल आपल्या माथी मारला जातो, अशी त्यावर टीका झाली, ती पुढे संसदेच्या समितीपर्यंत गेली. टीका खोटी नव्हती. पण ती अपुरी होती, असे आम्हांस वाटते. त्याच जुन्या यंत्रांवर येथील एक अख्खी पिढी प्रोग्राम लिहावयास शिकली. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी कंपन्यांच्या भांडवलावर मर्यादा आली; ती मान्य न करता १९७८ मध्ये आय. बी. एम. देश सोडून गेली. कंपनी गेली, यंत्रे मात्र राहिली. मग त्यांची देखभाल कोणी करायची? ते काम कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन ह्या सरकारी कंपनीने अंगावर घेतले आणि निभावले. कर्त्याने सोडून दिलेले यंत्र सांभाळणे, आणि तेही कर्त्याच्या मदतीवाचून, ह्याचा मोठ्या प्रमाणावरचा पहिला धडा आपण तेव्हा गिरविला. विंडोज १० च्या यंत्रांना घाबरून भंगारात देणाऱ्यांनी तो प्रसंग जरूर आठवावा.

नोव्हेंबर १९८४ मध्ये केंद्र सरकारचे नवे संगणक धोरण आले आणि यंत्र कचेरीच्या खास थंड खोलीतून मेजावर उतरले. पुढे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळविलेला डेस्कटॉप घरोघर गेला. ह्या जुळविलेल्या यंत्राचा गुण आपल्या बैलगाडीचाच: डबा एकाचा, मदरबोर्ड दुसऱ्याचा, डिस्क तिसऱ्याची. जे बिघडेल ते बदलावे, जे कमी पडेल ते वाढवावे. ‘रॅम टाकून घेतली’, ‘फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकले’ ही आपली बोली त्यातूनच घडली.

कारभाऱ्याची भूक कशी वाढत गेली ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. १९९५ च्या विंडोजला किमान ४ एम. बी. स्मृती लागे. २००१ च्या एक्स. पी. ला ६४ एम. बी. लागली. २००७ च्या व्हिस्टाला ५१२, २००९ च्या विंडोज ७ ला १ जी. बी., आणि २०२१ च्या विंडोज ११ ला ४ जी. बी. सव्वीस वर्षांत हजारपटीहून थोडे अधिक. पण ही चढण एकसारखी नाही. २००९ च्या अटी आणि २०१५ च्या विंडोज १० च्या अटी जवळजवळ सारख्याच होत्या. शिवाय विंडोज ७ आणि ८.१ वाल्यांना वर्षभर, २९ जुलै २०१६ पर्यंत, नवी प्रणाली फुकट मिळाली. म्हणून २००९-१० साली घेतलेला डेस्कटॉप, थोडी स्मृती वाढवून आणि फिरत्या डिस्कच्या जागी एस. एस. डी. बसवून, दहा-पंधरा वर्षे सुखाने चालला. संगणकाच्या इतिहासात मध्यमवर्गाला एवढे स्वस्थ दशक दुसरे मिळालेले नाही.

ह्या स्वास्थ्याला २०२१ मध्ये जो धक्का बसला तो भुकेमुळे नव्हे. ४ जी. बी. तर जुन्या यंत्रांतही होतीच. विंडोज ११ ने मागितली ती टी. पी. एम. २.० ही गुप्त किल्ल्या ठेवण्याची व्यवस्था, आणि इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर, म्हणजे २०१७ नंतरचा. पूर्वी यंत्र अशक्त म्हणून मागे पडे. ह्या वेळी ते सशक्त असून दाराशी अडविले गेले. दरवाजा चुकवून आत शिरण्याच्या युक्त्या निघाल्या आहेत, आणि त्या चालतातही. पण अशा यंत्रांना पुढची दुरुस्ती मिळेलच अशी हमी कंपनी देत नाही.

हा सारा व्यापारी कावा आहे, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्ही तसे म्हणणार नाही. एक्स. पी. चा सांभाळ ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, तरी तिच्यावर चालणारी बँकांची ए. टी. एम. यंत्रे इतकी उरली होती की रिझर्व्ह बँकेला जून २०१८ मध्ये परिपत्रक काढून वर्षभरात ती बदलण्याचे वेळापत्रक घालून द्यावे लागले. त्याच्या एक वर्ष आधीची गोष्ट तर आपल्या शेजारची आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा उपद्रव युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून निघून जगभर पसरला. मर्स्क ह्या जहाज कंपनीची यंत्रे त्यात सापडली आणि न्हावा-शेवा बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. विंडोजमधील ज्या छिद्रातून तो शिरे त्यावरचे ठिगळ मार्चमध्येच निघाले होते. अर्थात तो चोरलेल्या परवलीच्या शब्दांनीही पसरे, त्यामुळे ठिगळ लावलेली यंत्रेही वाचली नाहीत. सारा दोष जुन्या प्रणालीवर ढकलणे अन्यायाचे होईल. पण न सांभाळलेली प्रणाली इंटरनेटला जोडून ठेवणे म्हणजे मागचे दार सताड उघडे टाकून निजणे, एवढे त्यावरून कळावे.

दुसरी वाट आहे ती लिनक्सची. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने सुरू केलेली ही प्रणाली फुकट मिळते आणि तिच्या हलक्या आवृत्त्या जुन्या यंत्रांवर चांगल्या चालतात. आपल्या सी-डॅकने तिच्याच पायावर ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली २००७ मध्ये बाहेर काढली, आणि तीत मराठीची सोय आहे. मात्र लिनक्सच्या दारी वार्धक्य नाही, असा जो भाबडा समज आहे तो खरा नव्हे. ज्या ३८६ प्रोसेसरवर लिनक्स जन्मली त्याचाच आधार तिने २०१३ च्या आरंभी सोडला. डेबियन ह्या जुन्या व विश्वासू आवृत्तीने ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या १३ व्या आवृत्तीपासून ३२-बिटांच्या यंत्रांवर नव्याने बसविण्याची सोय बंद केली. फरक आहे तो मुदतीचा. ३८६ हा १९८५ चा. त्याला लिनक्सने २०१३ पर्यंत सांभाळले.

येथपर्यंतचा इतिहास कोणत्याही देशाचा, कोणत्याही भाषेचा म्हणता येईल. आता जे सांगायचे ते मराठीचे आहे, आणि आमच्या मते खरी हानी तेथेच होते.

सुरुवातीच्या संगणकाला रोमन लिपीच तेवढी येत होती. आय. आय. टी. कानपूर येथे सुरू झालेले आणि १९८८ नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले जिस्ट तंत्रज्ञान ही आपली पहिली मोठी सोय. मोहन तांबे ह्यांचे नाव त्या कामाशी जोडलेले आहे. जिस्टचे कार्ड डॉसच्या यंत्रात बसवले की पडद्यावर देवनागरी उमटे. भारतीय लिप्यांना सामाईक क्रमांक देणारे इस्की हे मानक १९९१ मध्ये ठरले. हे शास्त्रशुद्ध होते. पण छापखान्यांना आणि डी. टी. पी. वाल्यांना घाई होती. विंडोज आले, पेजमेकर आले, आणि त्याबरोबर आले श्रीलिपी, आकृती, कृतिदेव असे निरनिराळे टंक. त्यांची युक्ती साधी होती: रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचा तुकडा बसवायचा. संगणकाला वाटे आपण इंग्रजी लिहितो आहोत. माणसाला दिसे मराठी. आणि कोणत्या जागी कोणता तुकडा हे प्रत्येक टंकवाल्याने आपापल्या मनाने ठरविले. कृतिदेव टंकात ‘मराठी’ हा शब्द लिहून ती फाइल तो टंक नसलेल्या यंत्रावर उघडावी, तर पडद्यावर ई, जे, के, बी, एच अशी पाच रोमन अक्षरे दिसतात. यंत्राने कधी मराठी लिहिलेच नव्हते.

दरम्यान १९९१ मध्ये युनिकोडचा पहिला खंड निघाला. त्यात प्रत्येक लिपीला स्वतःची जागा मिळाली, आणि देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली गेली. पण प्रणालीने ती ओळखावी लागते. २००० सालच्या विंडोजमध्ये ती सोय प्रथम आली. एक्स. पी. मध्ये ती होती, पण निजलेली. सेटिंगमध्ये जाऊन एका चौकोनात खूण करायची, मग प्रणालीची मूळ सी. डी. यंत्रात घालायची, तेव्हा कोठे मराठी जागी होई. एम. के. सी. एल. च्या एम. एस. सी. आय. टी. वर्गांतून गावोगावची मुले संगणक शिकत होती तेच हे दिवस. फॉरमॅट मारणारा माणूस ती खूण करायला विसरला की मराठीच्या जागी रिकामे चौकोन दिसत. व्हिस्टापासून हा खटाटोप संपला. मराठी आपोआप दिसू लागली. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने मराठी वर्णमाला आणि अक्षरांची वळणे, त्यातही पाकळीचा ल आणि देठाचा श, पक्की केली. नव्या प्रणालीने मराठीचे भलेच केले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

पण १९९० ते २०१० ह्या वीस वर्षांत लिहिलेल्या मराठीचे काय? दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका, लग्नपत्रिका, स्थानिक साप्ताहिके, वकिलांचे दस्त, सारे टंकांच्या त्या बनावट रोमनमध्ये आहे. एखादा छोटा छापखाना आजही एक्स. पी. चे यंत्र कोपऱ्यात झाकून ठेवतो ते हौसेने नव्हे. त्या काळी पुष्कळ मराठी पॅकेजांबरोबर एक कुलूप येई. ते यंत्राच्या पाठीमागे प्रिंटरच्या पोर्टात खोचल्याशिवाय पॅकेज उघडत नसे. आजच्या यंत्रांना तसे पोर्टच नसते. पतपेढ्यांची व दुकानांची फॉक्सप्रोमधील जुनी खाती हीही तशीच अडकलेली: ६४-बिटांच्या विंडोजवर डॉसचे १६-बिटी प्रोग्राम चालत नाहीत. यंत्र मेले तर फाइल जागेवर राहते, पण वाचणारा जातो.

हे आपल्या लोकांनी एकदा पाहिले आहे. मोडी लिपी विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून उठली. छपाई बाळबोधीत होत होती, टंकयंत्रे बाळबोध होती. मोडी ठेवण्यात व्यवहार नव्हता हे उघडच होते. परंतु दोन पिढ्यांत अशी स्थिती आली की पेटीतले आजोबांचे खरेदीखत नातवाला वाचता येईना आणि जमिनीच्या वादात मोडी वाचणारा शोधत फिरण्याची वेळ आली. तरी मोडीचे दैव चांगले. कागद डोळ्यांनी दिसतो, आणि लिपी एकच असल्याने ती शिकणारा सर्व दप्तरे वाचू शकतो. टंकांच्या लिप्या मात्र जितके टंक तितक्या. आणि डिस्क तर कागदाप्रमाणे शंभर वर्षे पेटीत पडून राहत नाही.

जुन्या टंकांतून युनिकोडमध्ये नेणारी परिवर्तके आहेत. त्यांना कष्ट पडतात ते मराठीच्या रीतीमुळे. जुन्या टंकात ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते तशी अक्षराच्या आधी टंकित होई. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठविली जाते, म्हणून परिवर्तकाने तिला उचलून पूर्ण जोडाक्षराच्या पलीकडे ठेवावे लागते. रफाराची गोष्ट नेमकी उलट. ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’ ह्यांतला अर्धा र तर आणखी अवघड: तो युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडत नाही. म्हणून परिवर्तनानंतर माणसाने वाचून पाहणे अटळ आहे, आणि मुद्रितशोधक नावाची जात आपण जवळजवळ संपवली आहे, हीही त्यातली एक अडचण.

तेव्हा क्रम असा ठेवावा लागतो. जुने यंत्र चालू आहे, कुलूप जागेवर आहे, पॅकेज उघडते आहे, तोवरच फाइली उघडून पाहायच्या. ज्या टंकात त्या आहेत त्या टंकाच्याही प्रती काढायच्या. ज्या फाइलींचे परिवर्तन साधत नाही त्यांची निदान पी. डी. एफ. करून ठेवायची, म्हणजे मजकूर शोधता आला नाही तरी पान दिसेल. सर्वांच्या दोन प्रती, दोन वेगळ्या जागी. मग डिस्क काढून बाजूला ठेवायची, पुसायची नाही, आणि यंत्रात नवी एस. एस. डी. घालायची. छोट्या छापखान्याच्या वीस वर्षांच्या कामाला ह्यात महिना-दोन महिने सहज जातात. त्यानंतर नवी प्रणाली बसविण्यास, मग ती विंडोज असो वा लिनक्स, अर्धा-पाऊण तास पुरतो.